भिशीचे पन्नास हजार आणि एक लॅपटॉप

वन्संचा फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्या मोजत होते. त्यामुळे पहिले वाक्य नीट ऐकू आले नाही. दुसरे आले.

“वहिनी, भिशी लागली! पूर्ण पन्नास हजार. आता तुम्ही एक चक्कर भिलाईला मारा. पोरीचा लॅपटॉप घ्यायचा आहे, आणि या वेळी फसायचं नाही.”

ही गोष्ट २०२४ च्या जूनमधली. वन्सं मरोद्याला राहतात. मरोदा म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीचाच एक भाग. दुर्गहून दल्ली राजहराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर याच नावाचे लहानसे स्टेशन आहे. कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. नोकरीनिमित्त विदर्भातून जी मराठी कुटुंबे तिकडे गेली आणि तिथलीच झाली, त्यांपैकी वन्संचे सासर एक. घरात मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, असा त्यांचा तीन भाषांचा संसार आहे.

वन्संची भिशी वीस जणींची. दरमहा अडीच हजार. आपला नंबर एकदा लागला की पुन्हा लागायला वीस महिने जायचे. भाऊजींची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. भाचीला इंजिनिअरिंगच्या संगणक शाखेत प्रवेश मिळाला होता, म्हणजे या यंत्राने निदान चार वर्षे काढायला हवी होती. ‘फसायचं नाही’ या दोन शब्दांत हे सगळे होते.

आणि आणखी एक गोष्ट होती. ती वन्संच्या कपाटावर, तिच्याच खोक्यात ठेवलेली आहे.

कपाटावरचे खोके

२०१९ साली थोरल्या भाच्यासाठी अठरा हजारांचा लॅपटॉप घेतला होता. दिसायला गोंडस, वजनाला हलका, दुकानात दोन मिनिटांत सुरू झालेला. रॅम ४ जीबी आणि साठवणूक फक्त ३२ जीबी. त्या वेळी हे आकडे कोणी वाचले नाहीत, किंमत वाचली. घरी आणल्यावर समजले की त्या ३२ जीबीतली मोठी जागा विंडोजनेच अडवली आहे. काही महिन्यांनी विंडोजची नवी आवृत्ती उतरवून घ्यायची वेळ आली, तर तिला जागाच पुरेना. भाच्याने आपले फोटो काढून टाकले, अभ्यासाच्या फाइली पेनड्राइव्हवर हलवल्या, तरी जागा कमीच. रॅम वाढवावी म्हटले तर ती मदरबोर्डवरच डाखलेली. साठवणूकही तशीच. दीड वर्षात ते यंत्र खोक्यात परतले. त्यात बिघाड असा काहीच नव्हता. ते जेवढे होते तेवढेच राहिले, आणि काम पुढे निघून गेले.

भाऊजी कारखान्यात रुळांच्या विभागात. ते म्हणाले, “वहिनी, आमच्याकडे रूळ तपासल्याशिवाय गाडीवर चढत नाही. घरात मात्र आम्ही नुसता रंग बघून माल उचलला.”

म्हणून या वेळी दुकानात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ आम्ही जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो. वाचकांपैकी अनेकांकडे हाच प्रश्न दर जून-जुलैत येतो. म्हणून ती वही आज तुमच्यापुढे उघडते.

आधी काम, मग किंमत

वहीच्या पहिल्या पानावर मी किंमत लिहू दिली नाही. भाचीला विचारले, “या यंत्रावर तू करणार काय?”

“मामी, सगळंच.”

‘सगळंच’ हे उत्तर दुकानदाराला फार आवडते, कारण त्या उत्तरावर तो काहीही विकू शकतो. आम्ही फोड करत बसलो. सी आणि पायथन शिकणे, पुढच्या वर्षी जावा, एकीकडे व्हिडिओवर व्याख्यान आणि दुसरीकडे टिपणे, इंटरनेटची पंधरा-वीस पाने एकदम उघडी, प्रकल्पाचा अहवाल, आणि तिसऱ्या वर्षी मोबाइलचे अॅप तयार करणे. खेळ? “कधीतरी.” चित्रपटांचे संकलन? “नाही गं.”

एवढ्यावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. खेळांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेली महागडी यंत्रे यादीतून गेली. आणि मोबाइल अॅपचे काम यादीत आल्यामुळे रॅमचा मुद्दा सर्वांत वर आला. ते सॉफ्टवेअर ८ जीबीवर कसेबसे चालते. संगणकातच खोटा मोबाइल उभा करून अॅप तपासायचे, तर १६ जीबी हवीच.

तुमच्या घरी यादी वेगळी असेल. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या विद्यार्थ्याला आराखडे काढायचे असतात. त्याला ग्राफिक्स कार्डाचा उपयोग आहे, आणि तिथली काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, हेही आधी पाहावे लागते. कॉमर्सच्या मुलाला यातले निम्मेही लागत नाही. यादी आधी केली की निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

नावात बरेच काही असते

दुसऱ्या दिवशी आम्ही सिव्हिक सेंटरला गेलो. विक्रेता तरुण होता, गोड बोलत होता. “आंटी, आय-फाइव्ह है. आँख मूँदकर ले जाइए.”

डोळे मिटून घेण्याचा अनुभव आम्हांला २०१९ चा होता. म्हणून आम्ही डोळे उघडून खालचे स्टिकर वाचायला लागलो.

इंटेलचे ‘आय५’ हे एका प्रोसेसरचे नाव नाही, ते आडनाव आहे. एकाच आडनावाची माणसे गरीब-श्रीमंत असतात, तसेच इथेही. ‘आय५-१२३५यू’ यातले १२ म्हणजे बारावी पिढी. शेवटचे ‘यू’ म्हणजे कमी विजेवर, कमी तापून चालणारा. ‘आय५-१२४५०एच’ याची पिढी तीच, पण ‘एच’ म्हणजे जास्त ताकद, जास्त वीज, जास्त उष्णता. विक्रेता म्हणाला, पहिल्यात दहा कोअर आहेत आणि दुसऱ्यात आठच, म्हणून पहिला मोठा. हिशेब इतका सरळ नाही. पहिल्याच्या दहांत दमदार कोअर दोन आणि हलक्या कामाचे आठ आहेत. दुसऱ्याच्या आठांत दमदार चार आणि हलके चार. घरात माणसे किती यापेक्षा कमावते किती, हे पाहावे लागते.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांतही हीच मेख आहे. २०२३ पासूनच्या त्यांच्या चार आकडी नावांत पहिला आकडा साल सांगतो आणि तिसरा आकडा आतली रचना किती नवी ते सांगतो. ‘रायझन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझन ५ ७५३०यू’ ही नावे जुळ्या बहिणींसारखी वाटतात. पण पहिल्यात चार कोअर आणि ज्या रचनेचे पहिले प्रोसेसर २०१९ मध्ये आले ती रचना, तर दुसऱ्यात सहा कोअर आणि त्यानंतरची रचना. फरक एका आकड्याचा, पण काम करताना तो जाणवतो. पत्र वाचण्या-लिहिण्याला पहिलाही पुरेल. चार वर्षांच्या संगणक शिक्षणाला दुसरा बरा.

२०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नव्या प्रोसेसरांच्या नावांतला ‘आय’ काढला. आता ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावे दिसतात. नावे पुढेही बदलतील. पद्धत मात्र बदलू नका. पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, कागदावर उतरवून घ्या आणि घरी येऊन शांतपणे शोधा. जो विक्रेता पूर्ण नाव सांगायला कुरकुरतो, तिथून उठलेले बरे.

ओटा आणि कोठीघर

वन्संना रॅम आणि साठवणूक यांतला फरक समजेना. मी म्हटले, “वन्सं, रॅम म्हणजे तुमचा स्वयंपाकघराचा ओटा. साठवणूक म्हणजे कोठीघर. कोठीघर कितीही मोठे असले तरी ओटा चिंचोळा असेल, तर एका वेळी एकच भाजी चिरता येते.”

“आणि ओटा नंतर वाढवता येतो का?”

वन्सं बारावीनंतर शिकल्या नाहीत. पण त्या दिवशी दुकानात विचारलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता. आजकालच्या पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर कायमची डाखलेली असते. काहींत थोडी डाखलेली आणि एक खाच मोकळी असते. काहींत दोन्ही खाचा मोकळ्या. जाहिरातीत तिन्हींवर नुसते ‘८ जीबी’ लिहिलेले असते. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलच्या माहितीत हे बारीक अक्षरांत सापडते. दुकानात यंत्र चालू असेल तर ‘टास्क मॅनेजर’ उघडून मेमरीचे पान पाहावे. बहुतेक यंत्रांवर किती खाचा आणि त्यांतल्या किती भरलेल्या, ते दिसते.

कोठीघराचे म्हणाल, तर ५१२ जीबीची एसएसडी विद्यार्थ्याला पुरते. यंत्र सुरू केल्यावर तिथे ४७६ जीबीच्या आसपास आकडा दिसतो. त्यात फसवणूक नसते. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज थोडे जास्त धरते, एवढाच फरक. मात्र ‘ईएमएमसी’ ही अक्षरे दिसली, तर ती एसएसडीची गरीब बहीण आहे हे ओळखावे. कपाटावरच्या खोक्यात तीच होती.

पडदा आणि बॅटरी

दोन यंत्रांवर शेवटी गाडी थांबली. त्यांना ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ म्हणू. कंपन्यांची नावे इथे महत्त्वाची नाहीत, कारण ही मॉडेले दर सहा महिन्यांनी बदलतात.

पहिला ५४ हजार ९९० रुपयांचा. चौदा इंची, दीड किलोचा, पडदा उजळ आणि रंग ताजे, ५० वॉट-तासांची बॅटरी, ‘यू’ प्रोसेसर. रॅम ८ जीबी, सगळी डाखलेली.

दुसरा ४९ हजार ९९० चा. साडेपंधरा इंचांचा, पावणेदोन किलोचा, पडदा फिकट, बॅटरी ४२ वॉट-तासांची, ‘एच’ प्रोसेसर. रॅम ८ जीबी डाखलेली आणि एक खाच मोकळी.

प्रामाणिकपणे सांगते, माझे मन पहिल्यावर बसले होते. पडदा पाहिल्याबरोबर मी भुलले. पडद्याची परीक्षा घेण्याची एक सोपी रीत आहे. त्याच्यासमोर बसून पाहण्यापेक्षा बाजूला उभे राहून पाहावे, मग झाकण थोडे मागेपुढे कलवून पाहावे. रंग उलटेपालटे झाले, काळ्याचे पांढुरके झाले, तर तो जुन्या ‘टीएन’ जातीचा. बाजूनेही चित्र तसेच राहिले तर ‘आयपीएस’ जातीचा. आमच्या दोघांचेही पडदे आयपीएसच होते. पण दुसऱ्याची उजळता २५० निट, म्हणजे खिडकीला पाठ करून बसले तर पडद्यावर आपलाच चेहरा दिसायचा.

बॅटरीचे गणित तर भाजीच्या हिशेबाइतके सोपे आहे, पण दुकानात ते कोणी करत नाही. बॅटरी ४२ वॉट-तासांची. साधे काम करताना यंत्र तासाला दहा-अकरा वॉट-तास खाते. भागाकार करा, चार तास आले. खोक्यावर ‘दहा तासांपर्यंत’ लिहिलेले होते. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचावा. पडदा अगदी मंद ठेवून, काहीच जड काम न करता घेतलेल्या परीक्षेचा तो आकडा असतो.

भिलाईचा मे महिना

या ठिकाणी भाऊजींनी असा मुद्दा काढला जो पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकात नसतो.

“वहिनी, हे यंत्र किती गर्मीत चालेल?”

बहुतेक कंपन्या आपल्या लॅपटॉपसाठी आसपासच्या हवेचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे, असे पुस्तिकेत लिहितात. भिलाईत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. म्हणजे दुपारी पंख्याखाली बसून जड काम करणे हे कंपनीने आखलेल्या रेषेच्या बाहेरचे. यंत्र लगेच जळत नाही. ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि आतला पंखा किंचाळू लागतो. खरी झीज होते बॅटरीची. लिथियम बॅटरीचे दोन शत्रू: उष्णता आणि सतत पूर्ण भरलेले राहणे. दोन्ही एकत्र आले, म्हणजे भर उन्हाळ्यात यंत्र दिवसभर प्लगला लावून ठेवले, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

यावर इलाज आहेत आणि ते फुकटचे आहेत. बहुतेक यंत्रांत बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते; ती चालू करावी. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवू नये, कारण हवा आत घेणारी छिद्रे खालच्या बाजूला असतात. मरोद्यासारख्या कारखान्याजवळच्या वस्तीत धूळही असते, तेव्हा वर्षातून एकदा आतला पंखा जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावा. आणि जड काम पहाटे करावे.

पण एक गोष्ट आम्ही वहीत स्वच्छ लिहिली: उष्णतेच्या बाबतीत ‘एच’ प्रोसेसरचा दुसरा लॅपटॉप पहिल्यापेक्षा उणा.

पावती, वॉरंटी आणि ‘फुकट’ गोष्टी

विक्रेत्याने आता बॅग, माउस आणि एक वर्षाचे अँटिव्हायरस फुकट देऊ केले. अँटिव्हायरस विंडोजमध्ये मुळातच येते. बॅग घरात होती. आम्ही म्हटले, “याऐवजी काय देता?” त्यावर त्याने रॅम बसवण्याची मजुरी सोडली. विचारल्याशिवाय तेवढेही मिळत नाही.

‘ऑफिस’ मिळेल म्हणून सांगतात, तेव्हा ते कायमचे आहे की वर्षभराची वर्गणी, हे विचारावे. वर्गणीचे असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा खिशात हात घालावा लागतो. ‘लिब्रे ऑफिस’ हा फुकट पर्याय विद्यार्थ्याला बहुतेक कामांना पुरतो.

बिनव्याजी हप्त्यांचेही तसेच. बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट देतो, आणि त्या व्याजावरचा जीएसटी आपण भरतो. शिवाय प्रक्रिया शुल्क असू शकते. रक्कम मोठी नसते, पण शून्यही नसते. भिशीचे पैसे रोख होते. रोखीने काही सूट मिळते का, हे विचारायला वन्सं विसरल्या नाहीत.

पावती पक्की घ्यावी. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. ४९ हजार ९९० मध्ये सुमारे ७ हजार ६२५ रुपये कराचेच असतात. एवढा कर भरून कच्ची चिठ्ठी घेण्यात शहाणपण नाही. पावतीवर मॉडेलचे पूर्ण नाव आणि यंत्राचा क्रमांक हवा. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते दुकानातच पाहावे. ती तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर आजच्या पावतीवरून दुरुस्त करून घ्यावी. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे असतात. ‘बीआयएस केअर’ या अॅपवर ते खरे की खोटे, पाहता येते.

वॉरंटीत दुरुस्तीवाला घरी येणार की यंत्र आपण केंद्रात न्यायचे, आणि ते केंद्र कुठे, हे विचारा. आम्ही विचारले तेव्हा एका कंपनीचे केंद्र भिलाईतच निघाले आणि दुसरीचे रायपूरला. मुलीने परीक्षेच्या आठवड्यात रायपूरच्या खेपा घालायच्या का, हाही किमतीचाच भाग आहे.

आणि तरीही काही बिनसले तर? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करण्याची सोय दिली. म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसाठी बंगळूरला जावे लागत नाही. मरोद्याच्या माणसाने दुर्गला जावे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ तंटे तिथेच मिटतात. यासाठी एकच पथ्य आहे: खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा आणि पावती जपा.

वहीचे शेवटचे पान

रात्री पुन्हा टेबलावर बसलो. डाव्या बाजूला गुण, उजव्या बाजूला दोष. पहिल्याच्या डाव्या बाजूला चार ओळी झाल्या, दुसऱ्याच्या दोनच. मोजणीने पहिला जिंकत होता, आणि मी हसत होते.

तेवढ्यात भाची म्हणाली, “मामी, पण यातले कोणते दोष नंतर बदलता येतात?”

मग आम्ही दोषांच्याच दोन याद्या केल्या. बॅटरी कमी टिकते? चार्जर सोबत नेता येतो, दोन-तीन वर्षांनी बॅटरीही बदलता येते. पडदा फिकट आहे? घरी काम करताना तारेने मोठा पडदा जोडता येतो. वजन जास्त आहे? पाव किलोचा प्रश्न आहे, तरुण खांदा आहे. तापतो? पहाटे उठावे. हे सगळे दुसऱ्याचे दोष. पहिल्याचा दोष एकच, पण तो कायमचा: आठ जीबी आज आणि आठ जीबीच चौथ्या वर्षीही.

भाऊजी कपाटावरच्या खोक्याकडे पाहत होते. कोणीच काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा लॅपटॉप घरी आला. ४९ हजार ९९० आणि वर रॅमच्या पट्टीचे एकोणीसशे, एकूण ५१ हजार ८९०. भिशीवरचे अठराशे नव्वद भाऊजींनी दिले.

मग काय झाले?

खरेदीनंतरची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सांगायला हवी.

दोष सगळे खरे निघाले. बॅटरी चार तासच चालते. चार्जर विसरला त्या दिवशी भाचीला मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यावे लागले. पडद्याबद्दल ती अजून कुरकुरते. २०२५ च्या मे महिन्यात पंखा इतका ओरडायचा की वन्संना वाटले गच्चीवर पाण्याची मोटर चालू राहिली. पण काम अडले नाही. सोळा जीबीचा ओटा पुरतो आहे.

आणखी एक योगायोग. २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीच्या चिपांचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणककेंद्रांनी माल ओढून घेतला. आम्ही पट्टी आधीच बसवली होती, म्हणून वाचलो. यात आमची हुशारी काही नव्हती. पण आज खरेदी करणाऱ्यांनी ‘नंतर वाढवू’ हा हिशेब नव्या भावाने करून पाहावा. सोळा जीबी आधीच बसवलेले यंत्र थोडे महाग वाटले, तरी तेच स्वस्त पडू शकते. आणि जुने, वापरलेले यंत्र घेणार असाल तर ते विंडोज ११ वर चालते का, ते आधी पाहा. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला.

परवा वन्संचा पुन्हा फोन आला. त्यांच्या भिशीतल्या एका मैत्रिणीचा नंबर लागला आहे आणि तिला मुलासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानात जाण्याआधी ती भाचीला भेटायला घरी आली.

“मग काय सांगितलं आपल्या पोरीने?” मी विचारले.

“काही नाही. वही उघडली, पेन दिलं आणि म्हणाली, काकू, आधी लिहा, तो यावर करणार काय?”

कपाटावरचे खोके मात्र आता तिथे नाही. भाऊजींनी ते ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात देऊन टाकले. देण्याआधी त्यातली जुनी पावती तेवढी काढून घेतली आणि वहीच्या पहिल्या पानाला टाचली.